निवडणुकीच्या तोंडावर उपाध्यक्ष बदलावा का?

पुण्यात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: अमेरिकेचा अध्यक्ष दुसऱ्यांदा उभा राहतोय, त्याचा उपाध्यक्ष लोकांच्या मनातून उतरलाय, पक्षातही कुरबुर आहे. मग निवडणुकीआधी जोडीदार बदलून टाकावा का? खाली एक ओळ जोडली आहे: ‘आपल्याकडे उपमुख्यमंत्री बदलतात तसं तिकडे का करत नाहीत?’

मी बावीस वर्षं न्यू जर्सीत निवडणूक सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या लिहिल्या. सुरुवातीची तीन वर्षं तर स्वतः हेडफोन लावून संध्याकाळी सहा ते नऊ फोन केले. त्यामुळे माझं उत्तर पुस्तकातलं कमी आणि फोनच्या या टोकाचं जास्त आहे. ते आधीच सांगून टाकतो. मतं वाढतील म्हणून बदलू नये, कारण वाढत नाहीत. पण ‘उद्या मला काही झालं तर या माणसाच्या हातात देश द्यायचा का?’ या प्रश्नाने अध्यक्षाची झोप उडत असेल, तर जरूर बदलावा आणि लवकर बदलावा.

आधी उपमुख्यमंत्र्याचं. आपल्या राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हे पदच नाही. तो मंत्रीच, नावापुढे एक शब्द जास्त. युती-आघाडीचं गणित बिघडलं की तो जातो. दिल्लीतल्या उपराष्ट्रपतींना खासदार निवडतात, तीही स्वतंत्र निवडणुकीत. अमेरिकेचा उपाध्यक्ष या दोघांसारखा नाही. मतपत्रिकेवर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी जोडी छापलेली असते आणि एकाच खुणेत दोघांना मत जातं. त्यामुळे निवडून आल्यावर अध्यक्ष त्याला काढू शकत नाही. काम देऊ नका, बैठकीला बोलावू नका, दूरदेशीच्या अंत्ययात्रांना पाठवत राहा, पण घरी पाठवता येत नाही. दार चार वर्षांतून एकदाच उघडतं, पक्षाच्या अधिवेशनात, नवं तिकीट ठरताना.

आता मतांचं. ‘उपाध्यक्ष बदलला तर काय होईल’ हे आम्ही कसं मोजायचो, ते सांगतो. नमुन्याचे दोन भाग करायचे. अर्ध्या लोकांना विचारायचं, आज मतदान झालं तर तुम्ही अमुक आणि तमुक या जोडीला मत द्याल की समोरच्या जोडीला? उरलेल्या अर्ध्यांना शब्दन् शब्द तोच प्रश्न, फक्त दुसरं नाव बदललेलं. दोन उत्तरांतली तफावत म्हणजे त्या नावाची किंमत. ऐकायला सोपं वाटतं. पण हजार लोकांच्या नमुन्यात साधारण ३ टक्क्यांची चूक गृहीतच धरावी लागते. दोन भाग केले की प्रत्येकी पाचशे, म्हणजे चूक ४ टक्क्यांच्या वर. आणि दोन भागांची एकमेकांशी तुलना करायला गेलात की ती ६ च्या आसपास पोचते. आमच्याकडे यायचा तो फरक दोन टक्के, कधी एक, कधी उलट्याच दिशेने. म्हणजे आकडा हातात असायचा, पण त्याला अर्थ नसायचा. वरिष्ठ लोक मात्र त्या दोन टक्क्यांवर तास तास चर्चा करायचे. मी मुकाट्याने चहा प्यायचो.

त्यात आणखी एक फसवणूक दडलेली असते. जुन्या माणसावर चार वर्षं चिखल उडालेला असतो आणि नवा कोरा करकरीत. सर्वेक्षणात नव्याचे नऊ दिवस असतातच. तिकिटावर आल्यावर विरोधी पक्ष त्याची तीस वर्षांची भाषणं, कर्जं आणि सासुरवाडी उकरून काढणार आहे, हे प्रश्नावलीत कुठे लिहिता येत नाही.

२०११ च्या अखेरीला ओबामांच्या प्रचारयंत्रणेने बायडन यांच्या जागी हिलरी क्लिंटन आणल्या तर काय होईल, हे खरोखर तपासून पाहिलं होतं. तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ बिल डेली यांनी नंतर ते कबूल केलं. क्लिंटन तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या, बायडन यांच्यापेक्षा कितीतरी लोकप्रिय. तरी निष्कर्ष असा की म्हणण्यासारखा फरक पडत नाही. विषय तिथेच मिटला आणि बायडन राहिले. एवढं तगडं नाव घालूनही काटा हलत नसेल, तर एखाद्या राज्याच्या गव्हर्नराने काय हलणार?

फोनवरच्या दिवसांतली एक बाई मला अजून आठवते. पेनसिल्व्हेनियातली, निवृत्त शाळामास्तरीण. उपाध्यक्षांबद्दल तुमचं मत अनुकूल की प्रतिकूल, असं विचारलं. तिने बराच वेळ घेतला. मागे कुकरसारखं काहीतरी शिजत होतं. मग म्हणाली, प्रतिकूल, अगदी प्रतिकूल. पुढचा प्रश्न, मत कुणाला? तिने त्याच तिकिटाचं नाव सांगितलं. प्रश्नावलीत ‘का’ विचारायची सोय नव्हती, पण मी विचारलं. ती म्हणाली, ‘मी नवरा निवडतेय, दीर नाही.’ (शब्द तिचे वेगळे होते, अर्थ हाच.)

काही लोक २०२४ चं उदाहरण देतात. ट्रम्प यांनी पेन्स सोडून व्हान्स घेतले आणि जिंकले. पण ट्रम्प तेव्हा सत्तेवर नव्हते आणि पेन्स तर उमेदवारीसाठी त्यांच्याच विरोधात उभे राहून बाहेर पडले होते. तिथे बदलण्याचा प्रश्नच उरला नव्हता. खुर्चीवर बसलेल्या अध्यक्षाने जोडीदार बदलला, असं शेवटचं घडलं ते १९७६ साली. ती गोष्ट नीट बघण्यासारखी आहे.

जेराल्ड फोर्ड हे अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष म्हणून कधीच निवडून न येता अध्यक्ष झालेले गृहस्थ. उपाध्यक्ष ॲग्न्यू यांनी राजीनामा दिला म्हणून उपाध्यक्ष, मग अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला म्हणून अध्यक्ष. त्यांनी डिसेंबर १९७४ मध्ये नेल्सन रॉकफेलर यांना उपाध्यक्ष केलं. रॉकफेलर चार वेळा न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी निवडून आलेले, अफाट श्रीमंत, रिपब्लिकन पक्षातले उदारमतवादी. पक्षाच्या उजव्या गोटाला ते डोळ्यांसमोर नको होते. तिकडे कॅलिफोर्नियातून रोनाल्ड रेगन दंड थोपटत होते. फोर्ड यांचे प्रचारप्रमुख बो कॅलवे उघडपणे म्हणू लागले की रॉकफेलर हे ओझं आहे. शेवटी ३ नोव्हेंबर १९७५ ला रॉकफेलर यांनी जाहीर केलं की पुढच्या तिकिटावर माझा विचार करू नये. कागदावर स्वेच्छेने.

रेगन यांना शांत करायचं हा हेतू होता. रेगन यांनी २० नोव्हेंबरला उमेदवारी जाहीर केली. सतरा दिवस! बळी घेतला आणि देवही पावला नाही.

पुढे ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात फोर्ड ११८७ विरुद्ध १०७० असे कसेबसे तरले आणि बॉब डोल यांना सोबत घेतलं. डोल बुद्धिमान, जिभेला धार असलेले. १५ ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचा पहिलावहिला दूरदर्शन वादविवाद झाला. त्यात त्यांनी शतकातल्या युद्धांना ‘डेमोक्रॅट युद्धं’ म्हणून टाकलं आणि त्यांत मेलेल्या-जखमी झालेल्या अमेरिकनांचा हिशेब मांडला. म्हणजे हिटलरविरुद्धचं युद्धही एका पक्षाच्या खात्यावर. समोर वॉल्टर माँडेल होते, त्यांना फार काही करावंच लागलं नाही.

आता निकाल. डेमोक्रॅट उमेदवार कार्टर यांना निर्वाचक मतं २९७, फोर्ड यांना २४०, बहुमत २७० ला. बहुतेक राज्यांत जो जिंकतो त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं मिळतात. न्यूयॉर्कची निर्वाचक मतं ४१, आणि तिथे कार्टर मतदारांच्या सुमारे २ लाख ८९ हजार मतांनी पुढे. न्यूयॉर्क फिरलं असतं तर फोर्ड २८१. म्हणून सगळे म्हणतात, रॉकफेलर ठेवले असते तर फोर्ड जिंकले असते. मी हे गणित वर्गात शिकवताना फळ्यावर मांडतो आणि मग स्वतःच पुसतो. कारण रॉकफेलर यांच्या घोषणेच्या चारच दिवस आधी, ३० ऑक्टोबर १९७५ ला, न्यूयॉर्क डेली न्यूजने पहिल्या पानावर छापलं होतं की फोर्ड यांनी शहराला ‘मरा’ म्हणून सांगितलं. शहर दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर होतं आणि अध्यक्षांनी मदत नाकारली होती. एका उपाध्यक्षाने तो राग धुऊन निघाला असता, असं मला वाटत नाही. शिवाय रॉकफेलर तिकिटावर असते तर अधिवेशनातला तो ११७ मतांचा काठ टिकला असता का? उमेदवारीच रेगन यांच्याकडे गेली असती. फोर्ड यांनी नंतर ही आपली मोठी राजकीय चूक होती आणि त्यात भ्याडपणा होता, असं स्वतः मान्य केलं. हिशेबाची चूक होती की नाही हे मी सांगू शकत नाही. भ्याडपणाचा शब्द मात्र मला पटतो, आणि मतदाराला तो बरोबर दिसतो. बदल कुणाला घाबरून केला, हे लपत नाही.

याच्या नेमकी उलट गोष्ट १९४४ ची. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहत होते. युद्ध चालू, त्यामुळे ते निवडून येणार याबद्दल फारशी शंका नव्हती. शंका होती ती ते जगतील का, याची. मार्चमध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा रक्तदाब भयंकर आणि हृदय थकलेलं आढळलं. जनतेला यातलं काही सांगितलं नव्हतं, पण रोज जवळून पाहणाऱ्या पक्षाच्या धुरिणांना डोळे होते. सेंट लुईसचे बॉब हॅनेगन, ब्राँक्सचे एड फ्लिन, खजिनदार एड पॉली. या मंडळींना कळून चुकलं होतं की आपण यंदा उपाध्यक्ष नव्हे, अध्यक्ष निवडतोय. आणि विद्यमान उपाध्यक्ष हेन्री वॉलेस त्यांना त्या खुर्चीत नको होते. फार डावे, फार स्वप्नाळू, पक्षात कुणाशी फारसं सख्य नाही.

११ जुलैला व्हाइट हाउसमध्ये जेवणावर बैठक झाली आणि नाव निघालं मिसुरीच्या सिनेटर हॅरी ट्रुमन यांचं. रूझवेल्ट यांनी मात्र पुढे जे केलं ते चांगलं म्हणवत नाही. वॉलेससाठी पत्र दिलं की मी प्रतिनिधी असतो तर त्यांनाच मत दिलं असतं. आणखी एक इच्छुक, जिमी बर्न्स, यांनाही आशेवर ठेवलं. आणि हॅनेगनच्या हातात चिठ्ठी की ट्रुमन किंवा न्यायमूर्ती डग्लस, दोघांपैकी कुणीही चालेल. वॉलेस आणि बर्न्स अधिवेशनासाठी शिकागोत उतरले आणि दोघांनाही वाटत होतं की साहेबांचा हात आपल्याच डोक्यावर आहे. ट्रुमन तर बर्न्स यांचं नाव मांडायला आले होते!

ब्लॅकस्टोन हॉटेलच्या खोलीत सगळे जमलेले असताना सॅन डिएगोहून रूझवेल्ट यांचा फोन आला. हॅनेगन यांनी रिसीव्हर असा धरला की ट्रुमन यांनाही ऐकू जावं. तो माणूस तयार झाला का? नाही, मिसुरीच्या खेचरासारखा अडून बसलाय. मग त्याला सांगा, युद्ध चालू असताना पक्ष फोडायचा असेल तर ती जबाबदारी त्याची. आणि फोन आपटला. ट्रुमन उभे राहिले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि तयार झाले.

पहिल्या फेरीत वॉलेस ४२९.५ आणि ट्रुमन ३१९.५. म्हणजे लोकांना, निदान पक्षाच्या प्रतिनिधींना, जुनाच माणूस जास्त हवा होता. दुसऱ्या फेरीत राज्यं एकामागून एक फिरली. नोव्हेंबरमध्ये रूझवेल्ट ४३२ विरुद्ध ९९ ने जिंकले. वॉलेस असते तरी जिंकले असते. या बदलाने एक मतही आणलं नसेल.

१८ ऑगस्टला दोघे व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मॅग्नोलियाच्या झाडाखाली जेवले. कॉफीत क्रीम ओतताना रूझवेल्ट यांचा हात इतका थरथरत होता की कपात कमी आणि बशीत जास्त गेलं. ट्रुमन यांनी बाहेर पत्रकारांना प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं आणि खासगीत बशीची गोष्ट सांगितली. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. ट्रुमन उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते आणि अणुबाँबचं काम चालू आहे, हे त्यांना त्या संध्याकाळपर्यंत कुणी सांगितलंही नव्हतं. निवड योग्य माणसाची केली, पण त्याला तयार करायचं राहून गेलं. हा दोष धुरिणांचा नव्हे, रूझवेल्ट यांचा.

मतांकडे बघून माणूस घेतला आणि पुढे देशाला तो भोवला, याचं उदाहरण लिंकन. ८ जून १८६४ ला बाल्टिमोरच्या अधिवेशनात त्यांचे उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन यांना वगळून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन घेतले गेले. हॅम्लिन मेन राज्याचे, गुलामगिरीचे कट्टर विरोधक, पण मेनची मतं तशीही खिशात होती. जॉन्सन दक्षिणेतले, डेमोक्रॅट, आणि तरीही संघराज्याशी एकनिष्ठ. काठावरच्या मतदाराला दाखवायला याहून चांगलं चित्र नव्हतं. यात लिंकन यांचा स्वतःचा हात किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. गंमत अशी की दुसऱ्याच दिवशी अभिनंदनाला आलेल्या शिष्टमंडळाला लिंकन यांनी ती प्रसिद्ध म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली: नदी ओलांडताना घोडे बदलू नयेत. स्वतःबद्दल म्हणाले ते. दुसरा घोडा आदल्याच दिवशी बदलून झाला होता.

४ मार्च १८६५ ला शपथविधीच्या दिवशी जॉन्सन आजारातून नुकते उठलेले, तरतरी यावी म्हणून व्हिस्की घेऊन आले आणि सिनेटसमोर बरळले. सहा आठवड्यांनी लिंकन यांना गोळी लागली. गुलामगिरीतून सुटलेल्या चाळीस लाख माणसांचं काय करायचं, हा त्या शतकातला सगळ्यांत मोठा प्रश्न अशा माणसाच्या हातात गेला ज्याने त्यांच्या नागरी हक्कांचं विधेयकच नकाराधिकाराने परत पाठवलं. संसदेने ते त्याच्या नाकावर टिच्चून मंजूर केलं. १८६८ मध्ये महाभियोगात तो एका मताने वाचला.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी म्हणेन, निवडणुकीच्या रात्रीचा निकाल बघून या बदलांचा हिशेब करू नकोस. निक्सन यांनाही १९७२ मध्ये ॲग्न्यू बदलून जॉन कॉनली आणायचे होते. पक्ष नाराज होईल म्हणून ठेवले, ४९ राज्यं जिंकली. आणि १० ऑक्टोबर १९७३ ला लाचखोरीच्या चौकशीत अडकलेल्या ॲग्न्यूंना राजीनामा द्यावा लागला. न बदलण्याचा निर्णयही मतपेटीत अगदी बरोबर दिसला होता.

वेळेबद्दल व्यवहारातलं थोडं. बदलायचाच असेल तर निवडणुकीच्या आदल्या वर्षीच कुजबुज संपवावी. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये आपले उपाध्यक्ष निक्सन यांना ‘मंत्रिपद घ्या, अनुभव मिळेल’ असं सुचवून महिनोन्‌महिने लटकत ठेवलं. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत जवळजवळ २३ हजार लोकांनी कोऱ्या जागेत निक्सन यांचं नाव हाताने लिहून दिलं. एप्रिलमध्ये निक्सन राहिले, पण अध्यक्षांचा आपल्यावर भरवसा नाही हे जगाला कळून चुकलं होतं. अधिवेशनानंतर तर विचारही करू नये. परदेशातल्या सैनिकांना मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी रवाना कराव्या लागतात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला छपाई झालेली असते. १९७२ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्न यांनी आपले जोडीदार टॉम ईगल्टन यांना अठरा दिवसांत तिकिटावरून उतरवलं. मानसोपचाराची जुनी गोष्ट बाहेर आली होती. आधी ‘हजार टक्के पाठीशी’ म्हणाले आणि मग काढलं. मॅकगव्हर्न अध्यक्ष नव्हते, पण लोकांनी त्यांना त्या दोन वाक्यांमधल्या अंतरावरून जोखलं.

आणि ज्याला काढलं त्याचं काय करायचं, याचा विचार कुणी करत नाही. वॉलेस यांना व्यापारमंत्री केलं, १९४६ मध्ये ट्रुमन यांनी तिथूनही काढलं. १९४८ मध्ये ते तिसऱ्या पक्षातून उभे राहिले आणि एकट्या न्यूयॉर्कमध्ये पाच लाखांवर मतं घेतली. ते राज्य ट्रुमन सुमारे ६१ हजारांनी हरले. रॉकफेलर यांनी मात्र अपमान गिळून न्यूयॉर्कचे प्रतिनिधी फोर्ड यांच्यामागे उभे केले.

हॅम्लिन यांची तऱ्हाच वेगळी. तिकीट गेलं जूनमध्ये. जुलैत उपाध्यक्ष महाशय मेनच्या किनारी पहाऱ्याच्या तुकडीत साधे शिपाई म्हणून किटरीच्या फोर्ट मॅक्लेरीवर हजर झाले. पहारे दिले, कवायत केली आणि तुकडीचे आचारी म्हणून स्वयंपाकही केला. सप्टेंबरमध्ये तुकडी सुटली. हॅम्लिन तिथून निघाले ते लिंकन आणि जॉन्सन यांच्या प्रचाराला.